दंतकथेचे देणे

नळदुर्गच्या पाणीमहालात उभे राहिले की नदी डोक्यावरून जाते. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल आहे. वरच्या अंगाचे धरण भरून वाहू लागले, की बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांतून ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे कोसळू लागतात आणि सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून गाड्या किल्ल्याकडे वळतात. लोक येतात, भिजतात, फोटो काढतात, नळराजाची गोष्ट ऐकतात आणि परततात. धाराशिव जिल्ह्यातल्या किल्ल्यांशी बहुतेकांचा संबंध एवढाच येतो. माणसे येतात हे चांगलेच आहे. चिंता आहे ती माणसे आणि भिंत यांच्यातल्या नात्याची. भिंत आपल्याला देखावा देते, गोष्ट देते, अभिमान देते. आपण तिचे काहीही देणे लागत नाही, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत बदलली नाही तर या जिल्ह्यातले किल्ले नावापुरते उरतील. हे भाकीत भावनेतून केलेले नाही. दगड, चुना आणि पाणी यांचा व्यवहार पाहिला की ते आपोआप समोर येते.

नळदुर्ग हा भूगोल आणि माणसाची बुद्धी यांच्या संगनमताने उभा राहिलेला किल्ला आहे. बालाघाटच्या पठारावरचा काळा कातळ, त्यात बोरीने कापलेली घळ आणि त्या घळीच्या कडेने फिरवलेला तट, अशी त्याची मूळ मांडणी. कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत त्याचा इतिहास मागे नेला जातो. आज दिसणारे चिरेबंदी बांधकाम मुख्यतः बहमनी आणि आदिलशाही काळातले. त्याचे 114 बुरूज, नऊ पाकळ्यांचा नवबुरूज, दूरवरून नजरेत भरणारा उपळी बुरूज या सगळ्यांहून मोठी गोष्ट म्हणजे पाण्याची व्यवस्था. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 मध्ये, बोरीवर बंधारा बांधून मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा उपदुर्ग जोडला गेला. या एकाच बांधकामाने तीन कामे साधली. शत्रूला अडवणारे पाणी तटाखाली उभे राहिले, दोन किल्ल्यांमध्ये जाण्यायेण्याची वाट झाली आणि बंधाऱ्याच्या आत उन्हाळ्यात गारवा देणारा महाल मिळाला. महापुराचे पाणी ठरलेल्या सांडव्यांतून निघून जाते आणि आतला महाल उभा राहतो. चारशेहून जास्त पावसाळ्यांनी हा हिशेब बरोबर ठरवला आहे.

या किल्ल्यावरून राज्ये गेली. निजामाच्या मुलखातला हा भाग 1853 ते 1860 या काळात इंग्रजांच्या ताब्यात होता आणि त्यातली सुरुवातीची चार वर्षे इथला कारभार कर्नल मेडोज टेलर याने पाहिला. तो याच किल्ल्यात राहिला, याच्याविषयी आत्मचरित्रात लिहून गेला आणि पुढे तुळजापुरात सुरू होणारी ‘तारा’ ही कादंबरीही त्याने लिहिली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हा सोलापूरच्या बाजूने आलेल्या तुकडीची पहिली मोठी गाठ नळदुर्गला पडली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. चालुक्य, बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम, इंग्रज आणि स्वतंत्र भारत असा सलग इतिहास एका आवारात पाहायला मिळावा, अशी ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत.

आता दंतकथांकडे पाहू. हा किल्ला नळराजाने बांधला आणि दमयंतीसह तो इथे राहिला, असे इथले लोक सांगत आले आहेत. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरत नाही. उतरायची गरजही नाही. ती कथा आहे म्हणूनच किल्ला सामान्य माणसाच्या ओळखीचा राहिला. आदिलशाही वंशावळ कुणाला पाठ नसते; नळ-दमयंती सगळ्यांना ठाऊक असतात. मात्र या कथेत ऐकणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. ऐकली, आवडली, संपली.

त्याच बोरीच्या काठी दुसरी कथा आहे, आणि तिची जात वेगळी आहे. नळदुर्ग आणि शेजारचे अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच आहे. देवाची मूर्ती वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असते आणि सुमारे दोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती हलवताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो, मग पालखी निघते. पौष पौर्णिमेला नळदुर्गात मोठी यात्रा भरते. या कथेवर श्रद्धा असणे पुरेसे नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या माणसांनी हजर राहावे लागते, कागद करावा लागतो, देव सांभाळून न्यावा लागतो आणि मुदतीत परत द्यावा लागतो. तुळजापुरातही हेच आहे. तुळजाभवानीने घाटशिळेवर प्रभू रामचंद्रांना वाट दाखवली ही कथा भाविक सांगतात. पण देवीचे वर्ष चालते ते माणसांच्या बांधिलकीवर. दसऱ्याला तिची पालखी आणि पलंग अहिल्यानगरच्या बाजूने येतात. ते बनवणारी, आणणारी, वाटेत सेवा करणारी घराणी आणि गावे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत.

मला यातून एक नियम दिसतो. दंतकथा जिथे माणसाच्या गळ्यात काम बांधते, तिथे ती आणि तिच्याशी जोडलेली वस्तू टिकते. जिथे ती फक्त ऐकायची गोष्ट उरते, तिथे गोष्ट राहते आणि वस्तू जाते. आपले किल्ले दुसऱ्या प्रकारात मोडतात. राजसत्ता होती तोवर किल्लेदार होता, शिबंदी होती, तटावरचे गवत काढणारे, चुना मळणारे, खंदक उपसणारे लोक नेमलेले होते. सत्ता गेली आणि ही कामे कुणाचीच राहिली नाहीत. देवस्थानांना मानकरी उरले. किल्ल्यांना कुणीही नाही.

याच जिल्ह्यातले परंडा हे या नियमाचे कठोर उदाहरण आहे. बहमनी वजीर महमूद गावान याच्याशी जोडला जाणारा हा भुईकोट एकेकाळी दख्खनच्या राजकारणाच्या मध्यावर होता. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी परंड्यातून पुन्हा उभी केली. 1634 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि तो उठवून त्यांना परत जावे लागले. विजापूरला जाणारे पर्यटक ज्या ‘मुलूख मैदान’ तोफेपुढे थक्क होऊन उभे राहतात, ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला नेली गेली. तिच्या जोडीची दुसरी तोफ वाटेत नदीत बुडाली, अशीही कथा सांगतात. तोफ गेली आणि तिच्यासोबत परंड्याची सगळ्यांत मोठी गोष्टही गेली. आज विजापुरात तोफेला नाव आहे, चबुतरा आहे, माहिती देणारे लोक आहेत. परंड्यात दुहेरी तट, खंदक, बुरुजांवरच्या तोफा, मशीद आणि जुन्या मूर्ती आहेत, पण बाहेरगावचा माणूस तिथे मुद्दाम जात नाही. ज्या किल्ल्यात एका राजवटीने दुसरा जन्म घेतला, तो शाळेच्या सहलींच्या यादीतही क्वचितच येतो.

किल्ला पडतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. तट बाहेरून अखंड दिसला तरी तो एकसंध नसतो. बाहेरून घडीव काळ्या दगडाचा एक पदर, आतून दुसरा आणि मध्ये दगडगोटे, चुना, माती यांचा भराव, अशी त्याची रचना असते. तटाच्या माथ्यावरचा चुन्याचा थर उखडला की पावसाचे पाणी भरावात उतरते. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ, वड, उंबर रुजतात आणि त्यांची मुळे दर्जांमधून आत जातात. चुना विरघळून वाहून जातो, भराव सैल होतो आणि ओला होऊन फुगतो. बाहेरच्या पदराला पोट येते. मग एखाद्या पावसाळ्यात तो पदर कोसळतो आणि उघडा पडलेला भराव पुढच्या दोन-चार वर्षांत घसरून जातो. ही क्रिया सुरुवातीला स्वस्तात थांबते. झाड बोटभर जाडीचे असताना काढणे आणि माथ्यावर चुन्याचा थर देणे हे दरवर्षीचे साधे काम आहे. तेच झाड मनगटाएवढे झाले की ते काढताना भिंतही येते.

धाराशिव जिल्ह्याने ही दोन पदरी भिंत कशी फुटते ते सगळ्यांत भीषण रूपात पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उमरगा आणि लोहारा भागातल्या गावांत माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली. त्या भिंतींचे दोन पदर एकमेकांत बांधलेले नव्हते. हादरा बसताच ते सुटे होऊन घरावर आले. भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी उभी राहिली आणि लोकांच्या मनातून दगड उतरला. ती भीती पूर्णपणे खरी होती. पण तिचा एक परिणाम असाही झाला की दगडी बांधकाम सांभाळण्याची विद्या, घडाई, जोडदगड, चुन्याचा गारा, हे सगळे जिल्ह्यातून झपाट्याने आटले. आज किल्ल्याचा बुरूज दुरुस्त करायचा म्हटले तर चुन्यात काम करणारा गवंडी शोधावा लागतो. त्याच वेळी सैल झालेल्या तटांवर आणि खाली सुट्टीच्या दिवशी गर्दी उभी असते. भूकंप अनुभवलेल्या जिल्ह्यात या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे अक्षम्य आहे.

पावसाचा स्वभावही बदलतो आहे. हा अवर्षणाचा प्रदेश, म्हणून इथल्या भिंती कोरड्या हवेत टिकून राहिल्या, असे आपण मानून चालत होतो. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत असा पूर आला की लोकांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. दीर्घ कोरडेपणाने तडकलेला चुना आणि त्यावर थोड्या दिवसांत कोसळणारा पाऊस ही जुन्या तटासाठी सगळ्यांत वाईट जोडी आहे.

या प्रश्नाचा विचार करताना मला स्कॉटलंडचा किनारा आठवतो. तिथला आणि आपला भूगोल वरवर पाहता विरुद्ध टोकांचा, पण पाया एकाच प्रकारचा आहे: लाव्हा. स्टाफा बेटावरचे बेसॉल्टचे खांब आणि आपला दख्खनचा काळा कातळ हे दोन्ही साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे. 1772 मध्ये जोसेफ बँक्सने स्टाफाची ओळख जगाला करून दिली आणि तिथल्या गुहेशी फिंगल या वीराचे नाव कायमचे जोडले गेले. त्या आधीच्या दशकात जेम्स मॅक्फर्सनने प्राचीन म्हणून छापलेल्या फिंगलच्या काव्यांनी युरोप भारावला होता. त्यातले किती जुने आणि किती मॅक्फर्सनचे, हा वाद तेव्हाच पेटला. त्या देशाने दंतकथेच्या बळावर पर्यटक आणले, हे खरे. पण दंतकथा आणि दगड यांचे हिशेब वेगळे ठेवायला त्यांना हळूहळू शिकावे लागले.

त्या शिकण्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. आयलन डोनन हा समुद्राच्या खाडीतला किल्ला 1719 मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी उद्ध्वस्त केला. दोनशे वर्षे तो ढिगारा होता. आज कॅलेंडरांवर झळकणारी त्याची इमारत 1932 मध्ये पूर्ण झाली. ती सुंदर आहे, पण बहुतेक पाहुण्यांना ती विसाव्या शतकातली आहे हे माहीत नसते. जीर्णोद्धाराच्या नावाने नवे बांधले तर पुढची पिढी नव्यालाच जुने समजते, हा त्याचा धडा. दुसरी गोष्ट अलीकडची. गेल्या काही वर्षांत तिथल्या सरकारी वारसा संस्थेने अनेक किल्ले पूर्ण किंवा अंशतः बंद ठेवून उंचावरच्या दगडकामाची तपासणी केली, कारण बदलत्या पावसाने सांधे सैल होत होते. पर्यटनावर जगणाऱ्या देशाने तिकिटांचे उत्पन्न सोडून तपासणी आधी केली. तिसरी गोष्ट लोकांची. 2012 मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात किनाऱ्यावरच्या गावांतल्या स्वयंसेवकांनी समुद्राने खचणाऱ्या प्राचीन जागांची पाहणी करून नोंदी अद्ययावत केल्या. तज्ज्ञ थोडे होते, किनारा मोठा होता; म्हणून काम गावाने उचलले.

आपल्याकडेही असे काम उचलणारा माणूस होऊन गेला आहे, आणि तोही याच जिल्ह्यात. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे व्यापारी शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. संत गोरोबाकाकांच्या या गावात पावसाने पांढरीची माती धुपली की मणी, नाणी, मूर्ती वर येत. त्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या आणि सांभाळल्या. त्यातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली बाहुली तेरची आहे, हे आज जगाला ठाऊक आहे. गावातल्या एका माणसाने ते काम स्वतःवर घेतले नसते तर तगर फक्त ग्रंथात उरले असते.

आता धोक्याच्या तीन बाजू नीट ओळखायला हव्यात. एक जुनी आहे: विसर. दुसरी नवी आणि जास्त फसवी आहे: घाईची सजावट. राज्य संरक्षित स्मारकांच्या संगोपन योजनेखाली नळदुर्ग काही वर्षे खासगी कंपनीकडे देखभालीसाठी होता. त्या काळात किल्ल्यात सोयी झाल्या, माणसे वाढली; हे नाकारण्याचे कारण नाही. पण बाग, दिवे आणि नौकाविहार यांवरून तटाची प्रकृती कळत नाही. कराराची मुदत संपते, व्यवस्था बदलते आणि तटाचा भराव मात्र प्रत्येक पावसात थोडा वाहत राहतो. कोणत्याही व्यवस्थेत पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: तटाच्या माथ्यावर यंदा किती काम झाले? आणि ते चुन्यात झाले की सिमेंटमध्ये? सिमेंटचा गिलावा पाणी आत कोंडतो, जुन्या चुन्यापेक्षा कडक असल्याने सांध्याशी तडे पाडतो आणि दोन-तीन वर्षांनी आधीपेक्षा मोठा तुकडा घेऊन सुटतो. घाईने केलेली दुरुस्ती दुर्लक्षापेक्षा जास्त नुकसान करते.

तिसरा धोका आपल्या मनातला आहे. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले. महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे. त्यांत मराठवाड्यातला एकही किल्ला नाही, आणि त्या यादीच्या विषयानुसार ते समजण्यासारखेही आहे. भीती ही की निधी, लक्ष आणि प्रेम यापुढे त्या यादीच्या मागेच जाईल आणि आदिलशाही-निजामशाही किल्ले ‘आपले’ नाहीत म्हणून बाजूला पडतील. हे दगड याच मातीतले आहेत, ते घडवणारे हात याच गावांतले होते आणि बोरीचे पाणी अडवण्याची बुद्धी याच मुलखात वापरली गेली. किल्ल्याची मालकी बांधणाऱ्या सुलतानाच्या नावाने ठरत नाही. सांभाळणाऱ्याच्या कामाने ठरते.

म्हणून मागणी थोडी आणि नेमकी आहे. नळदुर्ग आणि परंडा यांच्या प्रत्येक बुरुजाला क्रमांक देऊन त्याचे छायाचित्र, झाडे, तडे आणि फुगवटे यांची नोंद दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर व्हावी, आणि ती मराठीत लोकांसमोर ठेवली जावी. पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली हे काम गावातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी करू शकतात. धोकादायक भागाखाली उभे राहणे बंद करावे, मग त्या दिवशी धबधबा कितीही सुंदर असो. जिल्ह्यातल्या गवंड्यांना चुन्याच्या कामाचे शिक्षण देऊन तेच काम कायम द्यावे. पायथ्याच्या वस्त्यांतल्या वृद्धांकडून किल्ल्यांच्या कथा ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, कारण भिंतीपेक्षा ती माणसे लवकर जातात. आणि किल्ल्याच्या एकेका बाजूचे मानकरी एकेका गावाने, शाळेने, मंडळाने व्हावे, तेही लेखी.

नळदुर्ग आणि अणदूर ही दोन गावे एका मूर्तीसाठी लेखी करार करतात आणि तो पाळतात. करार करण्याची, मुदत सांभाळण्याची, दिलेले परत देण्याची शिस्त या मुलखात जिवंत आहे. ती आपण किल्ल्याला लावलेली नाही एवढेच. ती लावण्यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी येण्याची वाट पाहायला नको. वाट पाहत बसलो तर भिंती थांबणार नाहीत. आणि एखादा बुरूज गर्दीच्या दिवशी कोसळला, तर ‘हे अचानक झाले’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही राहणार नाही.